अभाव, गहू आणि विमानातला ट्रे

आजच्या व्याख्यानाची सूचना गेली, तेव्हा दोघातिघांनी फोन करून विचारलं, "सर, तुम्ही अभाव या पदार्थावर बोलणार की विमानातल्या जेवणावर?" मी म्हटलं, दोन्हींवर. यात थट्टा नाही. न्याय-वैशेषिकांचा अभाव मी पस्तीस वर्षं वर्गात शिकवला. त्यावर परीक्षेला प्रश्न काढले, पेपर तपासले. आणि तो मला नीट कळला वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, अटलांटिक महासागरावर, जेवणाच्या ट्रेपुढे बसून, एक चूक करून. ती चूक पुढे सांगणारच आहे. पण आधी थोडा इतिहास, कारण त्याशिवाय ती चूक कशी झाली हे समजणार नाही.

प्रश्न साधा आहे. ज्याला गहू चालत नाही, अशा माणसाने विमानात खायचं काय?

'चालत नाही' म्हणजे आवडत नाही असं नव्हे. सेलिॲक नावाचा आजार आहे. गव्हात, जवात आणि राय नावाच्या युरोपीय धान्यात ग्लूटेन हे प्रथिन असतं. कणीक मळली की लवचीक होते, ताणली तरी तुटत नाही, पोळी लाटता येते, ते या ग्लूटेनमुळे. ज्वारीची भाकरी थापावी लागते, कारण ज्वारीत ते नाही. सेलिॲकच्या रुग्णाने ग्लूटेन खाल्लं की त्याची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या आत मखमलीसारखे बारीक अंकुर असतात, त्यांच्यातून अन्नरस शोषला जातो. ते अंकुर झिजून सपाट होतात. मग जुलाब, वजन घटणं, हाडं ठिसूळ होणं. काहींना जुलाब होतच नाहीत, नुसतं रक्त कमी राहतं आणि वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या चालू राहतात. औषध नाही. गहू, जव, राय आयुष्यभर बंद, एवढाच उपाय. उत्तर भारतात केलेल्या पाहण्यांत साधारण शंभरात एकाला हा आजार दिसला आहे. दक्षिणेत प्रमाण बरंच कमी आढळलं. मी सोलापूरकडचा. लहानपणी आमच्याकडे रोज भाकरी, पोळी सणावाराला. गहू रोजच्या ताटात आला तो माझ्या डोळ्यांदेखत, त्यामुळे असा काही आजार असतो हे आमच्या गावी कुणाला माहीत असण्याचं कारणच नव्हतं.

आता अभावाकडे. 'तर्कसंग्रह' ज्यांनी वाचला आहे त्यांना आठवेल, सात पदार्थ आणि त्यांतला सातवा अभाव. जमिनीवर घडा नाही. हे 'नसणं' आपल्याला कळतं, म्हणजे तोही ज्ञानाचा विषय आहे, असं नैयायिक म्हणतात. पण त्यांची एक अट आहे. अभाव नुसता नसतो, तो कशाचा तरी असतो. ज्याचा अभाव, तो त्या अभावाचा 'प्रतियोगी'. घटाभावाचा प्रतियोगी घट. आणि प्रतियोगी आधी माहीत असल्याशिवाय त्याचा अभाव कळत नाही. ज्याला घडा म्हणजे काय हेच ठाऊक नाही, त्याला 'इथे घडा नाही' असं ज्ञान होणार नाही. त्याला नुसती जमीन दिसेल.

सेलिॲकच्या इतिहासात जवळजवळ अठराशे वर्षं हेच झालं. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकात कॅपाडोशियाचा अरेटियस नावाचा ग्रीक वैद्य होऊन गेला. त्याने अशा रुग्णांचं वर्णन करून ठेवलंय: अन्न पचत नाही, तसंच बाहेर पडतं, माणूस वाळत जातो. सेलिॲक हे नाव पोटासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून आलं. रोगाला नाव होतं, रोग्याचं चित्र होतं, नव्हता तो प्रतियोगी. काय काढून टाकायचं हेच माहीत नव्हतं.

१८८७ साली लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवरच्या मुलांच्या रुग्णालयात डॉ. सॅम्युएल गी यांनी या आजारावर व्याख्यान दिलं. ते पुढच्या वर्षी छापलं गेलं. गी फार मोठे निरीक्षक. त्यांनी स्पष्ट सांगितलं की हा रोगी बरा व्हायचा असेल तर तो आहारानेच होईल. इथपर्यंत अगदी बरोबर. पण मग कोणता आहार? त्यांनी भात वर्ज्य केला, साबुदाणा वर्ज्य केला, आणि पातळ कापून दोन्ही बाजूंनी खरपूस भाजलेला पाव चालेल म्हणून सांगितलं! म्हणजे जे निर्धोक ते बंद, आणि जे विष तेच औषधासारखं भाजून द्यायचं. मला हे वाचून हसू आलं नाही. एवढा बुद्धिमान माणूस, दिशा बरोबर, आणि तरी हात नेमका चुकीच्या डब्यात. त्याच गींनी एका मुलाची हकिगत दिली आहे. त्याला रोज भरपूर डच शिंपले खायला घातले आणि तो छान सुधारला. शिंपल्यांचा हंगाम संपला, मूल पुन्हा आजारी. पुढच्या हंगामात त्याने शिंपल्यांना तोंड लावलं नाही. लहान मूलच ते.

मग १९२४ साली न्यूयॉर्कचे डॉ. सिडनी हास यांनी केळ्यांचा आहार आणला. मुलं खरोखर सुधारली. हास यांना वाटलं, केळ्यात काही गुण आहे. गुण असेलही, पण मुलं सुधारली ती मुख्यतः त्या आहारात पाव नव्हता म्हणून. 'आहे' त्याच्याकडे सगळ्यांचं लक्ष होतं. 'नाही' त्याच्याकडे कोण बघतो?

बघितलं ते एका डच माणसाने. विलेम कारेल डिके, हेग शहरातल्या मुलांच्या रुग्णालयातले डॉक्टर. आणि इथे या गोष्टीत विमान पहिल्यांदा येतं. १९४४-४५ चा हिवाळा. जर्मनांनी अन्नाची वाहतूक रोखल्यामुळे पश्चिम हॉलंडमध्ये भीषण उपासमार झाली. लोकांनी ट्यूलिपचे कंद खाल्ले. पाव दिसेनासा झाला. आणि डिके यांच्या लक्षात आलं की बाकी मुलं खंगत असताना सेलिॲकची मुलं मात्र तुलनेने बरी आहेत. एप्रिलअखेरीस दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी हॉलंडवर अन्न टाकायला सुरुवात केली, ब्रिटिशांनी त्या मोहिमेला 'मॅना' असं बायबलमधलं नाव दिलं होतं. गोष्ट अशी सांगतात की आकाशातून पाव आला, सगळं शहर आनंदाने रडलं, आणि सेलिॲकची मुलं पुन्हा आजारी पडली.

गोष्ट इतकी सुबक आहे की माझ्यासारख्या माणसाला तिचा संशयच यावा. स्वीडनहून पाठवलेलं पीठ जहाजाने आलं होतं, विमानं यायच्या आधी. त्याचाही पाव झाला. शिवाय डिके यांना गव्हाचा संशय युद्धाच्या आधीपासून होता, १९३० च्या दशकापासून. एका मुलाच्या आईने त्यांना पाव आणि दुखणं यांचा संबंध सांगितला होता, असं म्हणतात. म्हणजे उपासमारीने त्यांना कल्पना दिली नाही, असलेली कल्पना पक्की केली. हे मी मुद्दाम सांगतो, कारण नुसती उपासमार पाहून कुणालाही काही सुचलं नसतं. संशयाच्या रूपाने प्रतियोगी आधी मनात होता, म्हणून पाव नसण्याचा परिणाम दिसला. १९५० साली डिके यांनी उत्रेख्तला आपला प्रबंध सादर केला. कुणाला कोणतं धान्य द्यायचं, किती दिवस द्यायचं, आणि मग मुलांच्या विष्ठेतली चरबी मोजायची. चरबी बाहेर पडतेय म्हणजे आतडं शोषत नाही. व्हान डे कामर नावाच्या रसायनशास्त्रज्ञाची ही मोजणीची पद्धत. पुढच्या दोन-तीन वर्षांत त्यांनी पिठातला स्टार्च वेगळा केला, ग्लूटेन वेगळं केलं, आणि दोषी ग्लूटेन ठरलं. प्रतियोगी सापडला.

तोपर्यंत विमानातलं जेवण मात्र गव्हावर उभं राहून झालं होतं.

विमानातलं पहिलं विकतचं जेवण ११ ऑक्टोबर १९१९ चं मानतात. हँडली पेज कंपनीचं लंडन-पॅरिस विमान, आणि तीन शिलिंगांना जेवणाचा डबा, थंड. असा डबा म्हटला की सँडविच आलंच. १९३० साली अमेरिकेत पहिल्या हवाई सुंदरी नेमल्या गेल्या, त्या आठही जणी प्रशिक्षित परिचारिका होत्या. पथ्यपाणी समजणाऱ्या बायका विमानात होत्या, पण तेव्हा हे पथ्यच कुणाला माहीत नव्हतं! १९३६ साली युनायटेड कंपनीने ओकलंडला विमानांसाठी स्वतंत्र स्वयंपाकघर काढलं. १९४५ च्या सुमारास विल्यम मॅक्सन यांनी आधीच शिजवून गोठवलेली ताटं आणि ती गरम करायला छोटी भट्टी तयार केली. यातून एक गोष्ट कायमची बदलली. शिजवणारा जमिनीवर, खाणारा आकाशात, आणि दोघांमध्ये अनेक तास. घरी किंवा हॉटेलात आपण विचारू शकतो, "ह्यात काय घातलंय?" विमानात ज्याला विचारायचं तो माणूस विमानातच नसतो.

आणि अशा जेवणाला गहू फार सोयीचा. पाव शिळा झाला तरी खाता येतो, हातात धरता येतो, सांडत नाही. रस्सा शिजवून, थंड करून, पुन्हा गरम केला की फुटतो, पाणी वेगळं होतं. त्यात पीठ लावलं की तो धरून राहतो. बिस्किट, केक, पेस्ट्री, सगळं आधी करून ठेवता येतं.

१९५८ साली तर या पावाला आंतरराष्ट्रीय मान्यताच मिळाली. अटलांटिकवर स्वस्त भाड्याचा इकॉनॉमी वर्ग त्या वर्षी सुरू झाला. विमान कंपन्यांच्या संघटनेने, म्हणजे आयएटीएने, ठरवलं की स्वस्त तिकिटाला जेवण द्यायचं नाही, फक्त साधं, थंड, स्वस्त सँडविच द्यायचं. झालं काय, की स्कँडिनेव्हियाच्या कंपनीने पावाच्या एका पातळ कापावर मांस, मासे, चीज, भाज्या असं काही रचलं की ते पूर्ण जेवणच झालं. आणि म्हणाले, आमच्याकडे सँडविच ह्यालाच म्हणतात! पॅन ॲमने तक्रार केली. सँडविचची व्याख्या काय, यावर शहाण्या लोकांची बैठक भरली. मला त्या बैठकीला जायला फार आवडलं असतं. शेवटी ठरलं ते असं की सँडविचमध्ये मुख्य भाग पावाचा हवा, वर चैनीच्या वस्तू नकोत. स्कँडिनेव्हियन कंपनीला दंडही झाला. म्हणजे बघा, डिके यांच्या प्रबंधानंतर आठ वर्षांनी, स्वस्त तिकीट काढणाऱ्याने मुख्यतः पाव खावा असा करार जगातल्या विमान कंपन्यांनी केला. यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. एकाला दुसऱ्याचं माहीत नव्हतं.

रुग्ण संघटित झाले ते त्यानंतर. ब्रिटनमधली सेलिॲक रुग्णांची संस्था १९६८ साली निघाली. तिच्या संस्थापकांत पीटर बेनेन्सन होते. हो, तेच, ज्यांनी १९६१ साली ॲम्नेस्टी इंटरनॅशनल सुरू केली. त्यांना स्वतःला सेलिॲक होता. राजकीय कैद्यांसाठी झगडणारा माणूस पावासाठीही झगडला, हे मला त्यांच्याविषयी वाचलेल्या सगळ्यांत आवडणारं आहे.

विमान कंपन्यांनी विशेष जेवणांची सोय केली ती सांकेतिक अक्षरांतून. तारायंत्र आणि आरक्षणाची यंत्रं यांना लांब वाक्यं परवडत नाहीत, म्हणून प्रत्येक जेवणाला चार अक्षरं. मधुमेही डीबीएमएल, मुस्लिम एमओएमएल, ज्यूंचं कोशर केएसएमएल, भारतीय पद्धतीचं शाकाहारी एव्हीएमएल, जैन व्हीजेएमएल. आणि ग्लूटेन नसलेलं जीएफएमएल. प्रवासाच्या आधी एक-दोन दिवस कळवायचं, तुमच्या नावापुढे ती चार अक्षरं लागतात, आणि डब्यावर चिठ्ठी येते. ज्याच्यासाठी शब्दच नव्हता, त्या अभावाला आता संकेत मिळाला. ही मोठी प्रगती, मी ती कमी लेखत नाही. फक्त या वर्गीकरणात एक गोम आहे. बहुतेक कंपन्या एका प्रवाशाला एकच संकेत देतात. तुम्ही शाकाहारी असाल किंवा ग्लूटेन वर्ज्य असलेले असाल. दोन्ही असाल तर? यंत्राला तुम्ही दिसत नाही.

माझी पत्नी दोन्ही आहे. ती जन्माची शाकाहारी, आणि २०१२ साली, एकसष्टाव्या वर्षी, तिला सेलिॲकचं निदान झालं. त्याआधी वीसेक वर्षं रक्त कमी, गोळ्या, पुन्हा रक्त कमी. निदान झाल्यावर सहा महिन्यांत तिचा चेहरा बदलला. २०१४ च्या जूनमध्ये आम्ही मुलीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला निघालो. भारतीय शाकाहारी मागवलं तर पोळी येणार, म्हणून ग्लूटेन नसलेलं सांगितलं. मुंबईहून निघालेल्या विमानात डबा आला, चिठ्ठी बरोबर, उघडला तर आत मासा. त्याच ट्रेवर, कागदात गुंडाळलेला, नेहमीच्या ट्रेवर असतो तसा पाव. तो कुणीतरी सवयीने ठेवला असणार. तिने चार द्राक्षं खाल्ली. युरोपात विमान बदललं. दुसऱ्या विमानात तिचं विशेष जेवण चढलंच नव्हतं.

बारा तास उपाशी. हवाई सेविका भली मुलगी होती, मनापासून धडपडली. नेहमीच्या ट्रेवरची कोशिंबीर घेऊन आली. तिच्यावर भाजलेल्या पावाचे चौकोनी तुकडे होते. तिने आमच्यासमोर ते एकेक करून चमच्याने उचलून काढले. पत्नीने माझ्याकडे बघितलं, "अहो, चालेल ना?"

मी म्हटलं, "खा. आता नाही त्यात काही."

घडा उचलून नेला की जमिनीवर घड्याचा अभाव. हे मी पस्तीस वर्षं शिकवलं होतं, आणि तेच तिला सांगितलं. पण घडा मागे काही ठेवत नाही. पाव चुरा ठेवतो.

उतरेपर्यंत तिला उलट्या सुरू झाल्या. पाच दिवस ती अंथरुणात होती. तिसऱ्या दिवशी नात झाली. ज्या कामासाठी ती अर्धं जग ओलांडून आली होती, ते काम मी, ज्याला वरण-भाताच्या पलीकडे काही येत नाही, जमेल तसं केलं. आणि तिने स्वतःच्या हाताने केलेले आळिवाचे लाडू, ज्यांत गव्हाचा कणही नव्हता, ते प्रवासभर विमानाच्या पोटात, मोठ्या बॅगेत होते. हातातल्या पिशवीत चार घेतले असते तर! पण मला वाटलं, सांगून ठेवलंय ना, मग कशाला.

ती आजारी असताना मी मुलीच्या घरी बसून विचार करत होतो की माझं तर्कदृष्ट्या चुकलं कुठे. आणि आठवला तो पिशाच्चाचा दृष्टांत. आपल्याकडे अभाव कळतो कसा यावर मोठा वाद आहे. कुमारिलाचे अनुयायी म्हणतात, त्यासाठी अनुपलब्धी हे वेगळं प्रमाण मानलं पाहिजे. नैयायिक म्हणतात, नको, इंद्रियांनीच कळतो. पण एका मुद्द्यावर दोघांचं एकमत आहे. नुसतं 'दिसत नाही' एवढ्यावरून 'नाही' असं म्हणता येत नाही. ती वस्तू असती तर दिसली असती, अशी ती असली पाहिजे. याला योग्यानुपलब्धी म्हणतात. घडा असता तर दिसला असता, दिसत नाही, म्हणून नाही. पण झाडावर पिशाच्च दिसत नाही, म्हणून पिशाच्च नाही, असं म्हणता येईल का? नाही. कारण पिशाच्च असलं तरी दिसत नाहीच. दृष्टांत अगदी जुना, मुलं वर्गात हसायची. पावाच्या चुऱ्यातलं ग्लूटेन हे पिशाच्च आहे. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. मी कोशिंबिरीकडे बघितलं, मला दिसलं नाही, आणि मी म्हटलं, नाही. हा न्यायशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याचाही दोष झाला नसता.

मग हे पिशाच्च पकडायचं कसं? त्याचा इतिहास पुन्हा रसाळ आहे. अन्नाचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणाऱ्या कोडेक्स या मंडळाचा ग्लूटेनविरहित अन्नाचा निकष मूळ १९७९ चा. तेव्हा ग्लूटेन थेट मोजता येत नव्हतं, म्हणून धान्यातला नायट्रोजन मोजत. म्हणजे पिशाच्चाच्या पावलांचे ठसे. पुढे ग्लूटेनच्याच तुकड्याला ओळखणाऱ्या प्रतिपिंडांच्या चाचण्या आल्या, आणि २००८ च्या सुधारित निकषात किलोला २० मिलिग्रॅम अशी मर्यादा ठरली. अमेरिकेने २०१३ साली तीच घेतली, युरोपातही तीच, भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही तोच आकडा ठेवला. लक्षात घ्या, हा शून्य नाही. 'विरहित' या शब्दाचा कायद्यातला अर्थ आहे 'विसापेक्षा जास्त नाही'. नैयायिकाला हे खुपेल, अत्यंताभाव म्हणजे अत्यंताभाव! पण व्यवहारात हे शहाणपणाचं आहे. इटलीच्या कातासी यांनी सहकाऱ्यांसह २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने दिल्यावर आतड्याची हानी दिसली. विसाच्या मर्यादेतलं अर्धा किलो अन्न खाल्लं तरी पोटात जातं जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम. आणि पावाच्या एका कापात ग्लूटेन दोन ग्रॅमच्या आसपास असतं. म्हणजे ५० मिलिग्रॅम हा एका कापाचा सुमारे चाळिसावा भाग. चार चौकोनी तुकड्यांचा चुरा तेवढा सहज होतो. हा हिशेब मी नंतर केला. आधी केला असता तर बरं झालं असतं.

कायद्यात एक बदल त्याच वर्षी झाला. युरोपीय संघाचा २०११ चा अन्नमाहितीचा नियम १३ डिसेंबर २०१४ पासून लागू झाला. त्याप्रमाणे सुट्या, न बांधलेल्या अन्नातही ग्लूटेनयुक्त धान्यं धरून चौदा पदार्थांची माहिती द्यावी लागते. आणि त्यात एक वाक्य प्रवाशांसाठी फार महत्त्वाचं आहे. संघातल्या देशातून जे वाहन सुटतं, त्यातल्या जेवणालाही हा नियम लागू. म्हणजे तुमचा हक्क विमान कोणत्या कंपनीचं यावर नाही, ते कुठून सुटलं यावर ठरतो. जाताना आहे आणि येताना नाही, असं होऊ शकतं. आमच्या प्रवासानंतर सहा महिन्यांनी हे आलं. पण खरं सांगायचं तर ते आधी असतं तरी माझी चूक टळली नसती. त्या कोशिंबिरीत पाव आहे हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. कायदा 'आहे' ते सांगायला लावतो. 'नाही'ची हमी सहसा कुणी देत नाही. विशेष जेवणाच्या माहितीत तुम्हाला बारीक अक्षरांत वाचायला मिळेल की हे जेवण ज्या स्वयंपाकघरात होतं तिथे गहूही हाताळला जातो. ते प्रामाणिक आहे. ज्या वस्तूचा अभाव डोळ्यांनी कळत नाही, तिथे शब्दप्रमाणच उरतं, आणि आप्त म्हणजे विश्वासार्ह माणूस तर जमिनीवर राहिलेला.

आपल्या देशातल्या विमानांचं म्हणाल, तर २००३ पासून स्वस्त विमानसेवा सुरू झाल्या आणि खाणं बऱ्याच ठिकाणी विकत घ्यायचं झालं. यात एक फायदा झाला, पुडी बंद असते आणि तिच्यावर घटक छापलेले असतात. गरम पाणी घालायचा उपमा म्हणजे रवा, म्हणजे गहूच. पोहे तांदळाचे. पण थांबा, हिंग! आपल्याकडे डबीत मिळणारा हिंग शुद्ध नसतो, त्यात डिंक आणि पीठ मिसळलेलं असतं, पुष्कळदा गव्हाचं. आमटीत चिमूटभर हिंग आणि डबीवरचं वाचायचं कुणाला सुचतं? आमच्या घरी निदान झाल्यावरही तीन महिने तोच हिंग चालू होता.

विमानतळावर 'ग्लूटेन नसलेलं आहे का' असं विचारलं की अजूनही काही ठिकाणी समोरचा गोंधळतो. मग पत्नीने एक युक्ती काढली. ती विचारते, "उपवासाचं काय आहे?" हा प्रश्न सगळ्यांना कळतो. साबुदाणा, वरी, राजगिरा, शिंगाडा, बटाटा, शेंगदाणा, यांत गहू नाही. कुणी डाएटिशियनने बनवली नसेल अशी यादी आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या तयार आहे, आणि तिच्यामागे पावित्र्याची भावना असल्यामुळे लोक ती पाळतातही. तरी वडा कोणत्या तेलात तळला ते विचारावंच लागतं, त्याच कढईत समोसा तळला असेल तर उपयोग नाही. एकदा मात्र पंचाईत झाली. दुकानातला मुलगा म्हणाला, "आजी, आज तर मंगळवार, तुमचा कसला उपवास?" ती म्हणाली, "माझा रोजचाच आहे."

परतीच्या प्रवासात आम्ही कुठलाच संकेत नोंदवला नाही. मुलीकडे ज्वारीचं पीठ मिळालं. पत्नीने दशम्या केल्या, दुधात भिजवलेल्या, जुन्या काळी प्रवासाला न्यायचे तशा. सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी, आणि एका डबीत दही. दही सुरक्षा तपासणीत गेलं. २००६ च्या ऑगस्टमध्ये लंडनला द्रव स्फोटकांचा कट उघडकीस आला, तेव्हापासून शंभर मिलिलिटरच्या वरचं काहीही पातळ हातातल्या सामानात चालेनासं झालं होतं, आणि दही त्यांच्या लेखी पातळच. दशम्या यंत्रातून आरामात गेल्या. तपासणाऱ्या बाईंनी एक उचलून बघितली आणि परत ठेवली. पत्नीने ती एक माझ्या वाट्याला दिली.

त्यानंतर आम्ही चार वेळा गेलो-आलो. ट्रे समोर आला की तिचं एक ठरलेलं आहे. दशमी काढण्याआधी ती ट्रेवरचा पाव दोन बोटांनी, कागदासकट, माझ्याकडे सरकवते. मी तो खातो, आणि मग उठून हात धुऊन येतो.

आता प्रश्न असतील तर घेऊ या.